तिलापियाचा नर, चोणकाची मादी आणि पराचा एक तुकडा

पेडण्याहून एका तरुण मत्स्यपालकाने विचारले आहे: "ताई, आमची जुनी चिरेखाण बारा महिने पाण्याने भरलेली असते आणि खाली खाजनात (भरतीचे पाणी येणाऱ्या बांधाआडच्या सखल जमिनीत) वडिलोपार्जित पोंय, म्हणजे मासे पाळायचे तळे, आहे. खाणीत एकलिंगी (फक्त नर) तिलापिया आणि पोंयीत चोणक मासा करायचा विचार आहे. तिलापियाच्या परवानगीचे कागद चालू आहेत. पिल्लांना संप्रेरकाचे खाद्य न घालता सगळे नर मिळावेत, म्हणून एका प्रयोगशाळेने डीएनए मार्करची चाचणी सुचवली आहे. माशाच्या पराचा तुकडा पाठवा, नर की मादी ते सांगतो, असे ते म्हणतात. ही चाचणी किती भरवशाची? चोणकाच्या ब्रूडरसाठी, म्हणजे प्रजननासाठी राखलेल्या माशांसाठी, चालेल का? आणि पुढेमागे शेवटा माशाची हॅचरी, म्हणजे पिल्ले काढायचे केंद्र, काढली तर?"

आधी उत्तर, मग कारणे. तिलापियात ही चाचणी उपयोगी आहे, पण ती तुमच्याच माशांवर पारखून घेतल्याशिवाय तिच्या भरवशावर एकही ब्रूडर निवडू नका. चोणकात ती चालणार नाही, कितीही चांगली प्रयोगशाळा असली तरी. शेवट्यात मार्कर सापडलेला आहे, पण आपल्या नद्यांतल्या शेवट्यावर तो लागू पडतो हे आधी दाखवावे लागेल. मी सव्वीस वर्षे हॅचरीत आणि पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढून तपासण्याच्या) टेबलावर घालवली आहेत. या चाचणीने वाचवलेली वर्षे पाहिली आहेत आणि तिच्या अर्धवट वाचनाने वाया गेलेला हंगामही पाहिला आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माणसाचे एक्स-वाय आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की मासाही तसाच असणार असे आपण धरून चालतो. सस्तन प्राण्यांत नर ठरवणारे एसआरवाय हे जनुक १९९० मध्ये सापडले आणि जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत तेच आहे. माशांत असे एक जनुक नाही. माशांतले पहिले लिंगनिर्णायक जनुक २००२ मध्ये जपानी मेडाका या बोटभर माशात सापडले. त्यानंतर कळले की मेडाकाच्या सख्ख्या म्हणाव्यात अशा दुसऱ्या जातींत ते जनुकच नाही, तिथे हे काम वेगळीच जनुके करतात. २०१२ हे वर्ष या क्षेत्रात फार मोलाचे ठरले. ट्राउट माशात एसडीवाय हे जनुक सापडले, जे मुळात रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकापासून उपजले आहे. त्याच वर्षी फुगू या माशात कळले की नर आणि मादी यांच्यातला फरक एएमएचआर२ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराचा आहे. आख्ख्या गुणसूत्रात एक अक्षर! शिवाय काही माशांत नर एक्सवाय असतो, तर काहींत गणित उलटे: मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड, कोंबड्यांसारखे.

"माशाची लिंगचाचणी" म्हणून एकच एक वस्तू बाजारात असू शकत नाही, हे यावरून लक्षात येईल. प्रत्येक जातीची वेगळी, आणि तिलापियासारख्या माशात तर प्रत्येक वाणाचीही वेगळी.

मार्कर म्हणजे डीएनएवरची एक खूण. ती दोन प्रकारची असते आणि हा फरक प्रयोगशाळेला विचारायलाच हवा. काही वेळा खूण लिंग ठरवणाऱ्या जनुकातच असते. काही वेळा ती त्या जनुकाच्या शेजारच्या तुकड्यावर असते. अंडे किंवा शुक्राणू तयार होताना जोडीची गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलतात. खूण शेजारची असेल तर अशा अदलाबदलीत ती कधीतरी जनुकापासून सुटते: वाय एका पिल्लात गेला आणि खूण दुसऱ्यात. अंतर जितके जास्त, तितकी चूक जास्त. एका कुटुंबात शंभर टक्के जुळलेला मार्कर दुसऱ्या तळ्यात सत्तर टक्क्यांवर येतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता तुमचा तिलापिया. नाइल तिलापियात २०१५ मध्ये एएमएचवाय या जनुकाची भूमिका सिद्ध झाली. एएमएच हे संप्रेरकाचे जनुक नरमादी दोघांतही असते. वाय गुणसूत्रावर मात्र त्याच्या दोन बदललेल्या प्रती शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्यातली एक प्रत मोडकी आहे, तिच्यात पाच अक्षरे जास्तीची घुसली आहेत आणि पुढे काही अक्षरे गळाली आहेत. दुसरी प्रत कामाची आहे आणि नर तीच घडवते. प्रयोगशाळा बहुधा त्या मोडक्या प्रतीतला फरक पकडतात, कारण जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) तो सहज दिसतो: मादीत एक पट्टी, नरात दोन.

हे सगळे तेविसाव्या गुणसूत्र-गटावरचे (एकाच गुणसूत्रावरच्या जनुकांचा गट) झाले. नाइल तिलापियाच्याच दुसऱ्या काही वाणांत लिंग ठरवणारी जागा पहिल्या गटावर आहे. निळा तिलापिया झेडडब्ल्यू पद्धतीचा, त्याची मुख्य जागा तिसऱ्या गटावर. आपल्या ओहोळांत, खाजनांत जो काळपट, लवकर अंड्यावर येणारा तिलापिया सापडतो तो मोझांबिक तिलापिया. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि तळ्यातळ्यांतून पसरला. तो नाइल तिलापियाशी सहज संकर करतो. तुमच्या ब्रूडरमध्ये त्याचे रक्त मिसळलेले असेल तर नाइल तिलापियाचा मार्कर काय सांगेल याचा नेम नाही.

"पण माझे बीज गिफ्टचे आहे," असे तुम्ही म्हणाल. गिफ्ट हा वाण फिलिपिन्समध्ये १९८८ पासून घडवला गेला. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल या चार देशांतून आणलेले जंगली मासे आणि फिलिपिन्समधले चार पाळीव वाण एकत्र करून त्यातून वाढीसाठी निवड केली. म्हणजे गिफ्टची मुळेच आठ ठिकाणची आहेत. गिफ्टमध्ये तेविसाव्या गटाचा प्रभाव मोठा आहे, हे आता बऱ्यापैकी दिसून आले आहे. तरी तुमच्या टाकीतल्या गिफ्टमध्ये तो किती, हे तुमच्याच माशांवरून कळेल.

इथे एक घटना सांगते, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात. काही वर्षांपूर्वी एका मत्स्यपालकाच्या तळ्यातले २० नर आणि २० माद्या मी मार्करने तपासल्या. माद्या सगळ्या बरोबर जुळल्या. नरांपैकी ११ जणांत वायची पट्टीच नव्हती. आम्ही मार्करला दोष दिला, प्रायमर (डीएनएतली हवी ती जागा पकडणारे छोटे तुकडे) बदलले, नमुने परत घेतले, निकाल तोच. शेवटी मी विचारले की हे ब्रूडर मुळात आले कुठून. उत्तर आले: "बाजारातून घेतलेल्या एकलिंगी बिजातले मोठे मोठे निवडून ठेवले."

तिथेच सगळा उलगडा झाला. एकलिंगी बीज बहुतेक ठिकाणी असे होते: पिल्ले खायला लागली की २१ ते २८ दिवस त्यांना मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात, सहसा एक किलो खाद्यात ६० मिलिग्रॅम. त्या पिल्लांत जन्मतः निम्मी एक्सएक्स, निम्मी एक्सवाय. संप्रेरकाने सगळ्यांची वाढ नर म्हणून होते, पण गुणसूत्रे बदलत नाहीत. म्हणजे त्या "नरां"पैकी निम्मे जनुकाने मादीच. वीसपैकी अकरा, अगदी अपेक्षेप्रमाणे. मार्कर खरे बोलत होता, आम्हीच प्रश्न चुकीचा विचारला होता. त्यातले दोन एक्सएक्स नर साध्या माद्यांबरोबर सोडले तेव्हा पिल्ले जवळजवळ सगळी मादी निघाली. त्या माणसाने वर्षभर असेच ब्रूडर वापरले असते तर त्याच्या हॅचरीत नरांऐवजी माद्यांचे पीक आले असते.

चाचणी माशाची गुणसूत्रे सांगते. मासा प्रत्यक्षात नर झाला की मादी, हे ती सांगत नाही. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. संप्रेरक, उष्णता किंवा दुसरी जनुके मध्ये आली की जुळत नाहीत. पण न जुळणे हीसुद्धा कामाची माहिती आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

म्हणून पहिला सल्ला: प्रयोगशाळेला पैसे देण्याआधी ब्रूडरचा इतिहास शोधा. संप्रेरक दिलेल्या बिजातले नर असतील तर पारखणीसाठी त्यांचा उपयोग नाही. अशा माशांची साध्या माद्यांशी जोडी लावून, संप्रेरक न देता वाढवलेली पुढची पिढी घ्या आणि त्यातून पारखणी करा.

पारखणी कशी, तर निदान ३० नर आणि ३० माद्या, ज्यांचे लिंग तुम्हाला डोळ्यांनी पक्के माहीत आहे. तिलापियात पोटाखालच्या उंचवट्यावर नराला दोन छिद्रे दिसतात, मादीला तीन. त्यावर मिथिलीन ब्ल्यूचा थेंब पुसला की मादीची आडवी चीर उठून दिसते. २५-३० ग्रॅमच्या खाली यात फसगत होते, सवयीच्या हातांचीही. शंका असेल तो मासा कापून जननग्रंथी पाहा. मग हे साठ नमुने फक्त क्रमांक टाकून पाठवा. नर कोणता, मादी कोणती, हे प्रयोगशाळेला सांगू नका. निकाल आल्यावर आपल्या वहीशी ताडून पाहा. साठपैकी ५८-५९ जुळले तर चाचणी तुमच्या कामाची आहे, आणि न जुळलेले एक-दोन मासे कुठल्या कुटुंबातले ते शोधा. पन्नासच्या खाली आले तर तो मार्कर तुमच्या वाणाचा नाही, दुसरा मागा.

नमुना घेण्यात बरेच निकाल बिघडतात, तेव्हा तेही सांगते. लवंगतेलाच्या पाण्यात मासा गुंगवा. शेपटीच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरे, पर पुन्हा भरून येतो. तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि अल्कोहोल तुकड्याच्या कितीतरी पट. फॉर्मालिनमध्ये टाकू नका, त्यात डीएनए खराब होतो. प्रत्येक माशानंतर कात्री अल्कोहोलने पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर नराचा कण मादीच्या कुपीत जातो आणि मादीत वायची पट्टी उगवते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, पण अल्कोहोलमधला नमुना बाहेरच्या तापमानालाही टिकतो, फ्रीजरची काळजी नको. आणि ब्रूडरच्या अंगात पिट टॅग (ओळखक्रमांकाची बारीक चिप) घालूनच ठेवा. निकाल येईपर्यंत मासे एकमेकांत मिसळले तर त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी पाहा. पहिली, "पट्टी नाही म्हणून मादी" असे लिहिले असेल तर ते मान्य करू नका. पट्टी न येण्याचे कारण मादी असणे हे असू शकते आणि डीएनए नीट न निघणे हेही. प्रत्येक नमुन्यात नर-मादी दोघांतही येणारी एक नियंत्रण पट्टी असलीच पाहिजे. ती आली आणि वायची आली नाही, तरच मादी म्हणायचे. दुसरी, प्रत्येक जेलवर माहीत असलेला एक नर, एक मादी आणि डीएनएशिवायची एक कोरी कुपी चालवली आहे का. तिसरी, हा मार्कर एक्सवाय आणि वायवाय यांत फरक करतो का. नुसती वायची उपस्थिती दाखवणारा मार्कर दोघांनाही सारखेच "नर" म्हणेल. या तिसऱ्या मुद्द्यावर तुमची सगळी योजना उभी आहे.

कारण मार्कर स्वतः एकही नर घडवत नाही. विक्रीच्या हजारो बोटुकल्यांचे पर कापून माद्या बाजूला काढणे कुणालाच परवडणारे नाही. मार्करचा उपयोग ब्रूडर घडवण्यात आहे, आणि संप्रेरकाविना सगळे नर हवे असतील तर रस्ता वायवाय नराचा. साध्या एक्सवाय पिल्लांना लहानपणी स्त्री-संप्रेरक देऊन माद्या बनवायचे. या माद्या दिसायला मादी, जनुकाने एक्सवाय. त्यांना साध्या एक्सवाय नराशी जोडले की पिल्लांत एक भाग एक्सएक्स, दोन भाग एक्सवाय आणि एक भाग वायवाय. म्हणजे ६० पिल्ले वाढवली तर साधारण १५ वायवाय. हे वायवाय नर साध्या एक्सएक्स माद्यांशी जोडले की प्रत्येक पिल्लाला बापाकडून वायच मिळतो. सगळी पिल्ले एक्सवाय, सगळी नर, आणि त्यांना कधीही संप्रेरकाचा एक दाणासुद्धा दिलेला नाही. संप्रेरक फक्त आजी-आजोबांच्या पिढीत, तेही ताटात न येणाऱ्या ब्रूडरना.

मार्कर नव्हते तेव्हा हे काम किती कष्टाचे होते ते आठवते. वायवाय कोणता, हे कळायला प्रत्येक नराची वेगळी जोडी लावायची, तिची पिल्ले लिंग ओळखता येईपर्यंत महिनोन् महिने वेगळ्या हाप्यात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) वाढवायची, आणि मग मोजायची. सगळी नर निघाली तर बाप वायवाय. फिलिपिन्समध्ये ब्रिटिश आणि फिलिपिनो संशोधकांनी नव्वदच्या दशकात हे सगळे याच पद्धतीने पार पाडले, आणि त्यांच्या वायवाय नरांच्या पिल्लांत नरांचे प्रमाण सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपास आले. आज तोच निवाडा पराच्या तुकड्यावरून दोन दिवसांत होतो. चीनमध्ये पिवळ्या कॅटफिशचे वायवाय नर घडवताना अशाच वायशी जोडलेल्या मार्करनी मोठी मदत केली आणि तो सर्व-नर वाण तिथे शेतीत रुजला आहे.

पण ९५ म्हणजे १०० नव्हे, हे लक्षात ठेवा. उरलेल्या माद्या कुठून येतात? काही छोट्या परिणामाच्या दुसऱ्या जनुकांमुळे, काही उष्णतेमुळे. आणि एकट्या माणसाने चिरेखाणीच्या काठावर वायवाय वाण घडवायला घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. दोन-तीन वर्षे, बरेच हापे, शिस्तीची नोंदवही आणि स्त्री-संप्रेरक जपून हाताळण्याची सोय लागते. तुमच्या तालुक्यातले चार-पाच जण एकत्र येत असाल तर जुने गोवे येथील एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन बोला. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोतही या विषयाचे जाणकार आहेत. तोवर परवानगी असलेल्या हॅचरीचेच बीज घ्या. आपल्या देशात तिलापियाच्या शेतीला परवानगी आहे ती एकलिंगी नर किंवा नपुंसक माशांपुरती, त्यामुळे पणजीच्या मत्स्योद्योग संचालनालयाचा कागद हातात पडेपर्यंत एकही पिल्लू खाणीत सोडू नका. चिरेखाण पावसात भरून वाहिली की पाणी खाली खाजनातच येते.

बीज विकत घेताना ते खरोखर एकलिंगी आहे का, हे पाहायला डीएनएची गरज नाही. संप्रेरक दिलेल्या बिजात तर डीएनए निम्म्यांना मादीच म्हणेल. त्याऐवजी दोन-तीन ग्रॅमच्या बोटुकल्या घ्या, पोटातली धाग्यासारखी जननग्रंथी काचपट्टीवर काढून त्यावर ॲसिटोकार्माइनचा थेंब टाका, हलकेच दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मादीत गोल गोल अंडपेशी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या दिसतात, नरात बारीक दाणेदार ऊती. एकदा शिकलात की दिवसाला पन्नास करता येतात. किती तपासायच्या, याचे सोपे गणित आहे: ३० तपासल्या आणि एकही मादी सापडली नाही, तरी बिजात १० टक्क्यांपर्यंत माद्या असू शकतात. १०० तपासून एकही नाही तर ३ टक्क्यांपर्यंत. विक्रेता ९९ टक्के नर म्हणत असेल तर ते पडताळायला ३०० बोटुकल्या लागतात. तीस पाहून "सगळे नर" असा शिक्का मारलेला कागद मी बऱ्याच वेळा पाहिला आहे. त्यावर विश्वास ठेवून तळे भरणाऱ्यांचे सहाव्या महिन्यात पिल्लांनी गजबजलेले, वाढ खुंटलेले तळेही पाहिले आहे.

उष्णतेचा मुद्दा वर आला, त्यावर थोडे थांबते, कारण आपल्याकडे एप्रिल-मे कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. तिलापियाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ३६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात राहिली तर काही एक्सएक्स पिल्लेही नर होतात. सगळ्या कुटुंबांत नाही. काहींत पुष्कळ, काहींत जवळजवळ नाहीच. चीनमधल्या टंग सोल या चपट्या माशात हे फार ठळकपणे मोजले गेले. त्यात मादी झेडडब्ल्यू असते आणि नरापेक्षा दोन ते चारपट मोठी होते, म्हणून शेतकऱ्याला मादीच हवी. नेहमीच्या पाण्यात जनुकाने मादी असलेल्या माशांपैकी सुमारे १४ टक्के नर होतात. २८ अंशांवर वाढवले तर हे प्रमाण ७३ टक्क्यांपर्यंत जाते. मार्करने चाचणी केली तर यातला प्रत्येक मासा "मादी" म्हणूनच निघेल. चाचणी चुकली नाही, पण तळ्यात मादी नाही. पत्र्याच्या शेडखाली उथळ टाकीत पिल्ले ठेवणार असाल तर दुपारी दोन वाजता तापमापक बुडवून रोजचा आकडा लिहून ठेवा. नंतर मार्कर आणि मासा जुळले नाहीत तर ही वही तुम्हाला कारण दाखवेल.

आता चोणक. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच. तो आधी नर म्हणून वयात येतो, साधारण तीन-चार वर्षांचा असताना, आणि पुढे काही वर्षांनी तोच मासा मादी होतो. म्हणजे आजचा चार किलोचा नर आणि परवाची आठ किलोची मादी एकच मासा असू शकतो, त्याच गुणसूत्रांसकट. मग गुणसूत्रावर नर-मादीची खूण कशी सापडणार? ऑस्ट्रेलियात संशोधकांनी चोणकाच्या जननग्रंथीत डीएमआरटी१ आणि सीवायपी१९ए१ या जनुकांवर बसणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा नरात आणि मादीत वेगवेगळ्या असतात हे दाखवले आहे. ती माहिती सुंदर आहे, लिंगबदल आतून कसा घडतो ते तिच्यातून उलगडते, पण ती जननग्रंथीची आहे. पराचा तुकडा पाठवून ती मिळणार नाही.

चोणकाचे ब्रूडर निवडायला जुनीच पद्धत चांगली आहे. बारीक मऊ नळी जननछिद्रातून आत घालून हलके ओढायचे. अंडी आली तर मादी, आणि अंड्याचा व्यास ०.४ मिलिमीटरच्या पुढे असेल तर ती प्रजननाला तयार. पोट हलके दाबल्यावर दुधासारखा द्रव आला तर नर. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात प्रथमच चोणकाचे बंदिस्त प्रजनन केले, आणि ब्रूडरची निवड आजही मूलतः अशीच होते. डीएनएचा उपयोग इथे दुसऱ्या कामासाठी करा. चोणक टाकीत सामूहिक अंडी घालतो, आणि पुष्कळदा दहा-बारा ब्रूडरपैकी दोघा-तिघांचीच पिल्ले सगळ्या बिजात भरतात. त्याच बिजातून पुढचे ब्रूडर ठेवले की भाऊबहिणींच्या जोड्या लागतात आणि दोन-तीन पिढ्यांत वाढ मंदावते. कोण कुणाचे पिल्लू हे मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी मार्करने कळते. त्यावर खर्च केलात तर तो वसूल होईल.

तुमच्या पोंयीत वाढवायच्या चोणकासाठी तर लिंगाचा प्रश्नच नाही. एक-दीड किलोला तुम्ही तो काढणार, तोवर तो मादी व्हायची वेळ आलेली नसते. तिथे लक्ष द्यायचे ते आकारानुसार वेगळे करण्यावर, कारण मोठा चोणक लहान भावाला गिळतो. आणि मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) जाळीवर, म्हणजे भरतीबरोबर आलेले नकोसे मासे आत शिरणार नाहीत.

शेवट्याबद्दल विचारलेत ते मला विशेष आवडले. हा आपल्या गोव्याचा राज्यमासा, आणि मादी नरापेक्षा मोठी होते. भूमध्य समुद्राच्या काठी तर तिच्या गाभोळीला मोठी किंमत मिळते. म्हणजे सर्व-मादी बीज मिळाले तर शेवट्याच्या शेतीचे अर्थकारण बदलेल. २०२१ मध्ये इटली आणि इस्रायलच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रातल्या शेवट्यात एफएसएचआर या जनुकात नराशी जोडलेले बदल शोधले. नर एक्सवाय पद्धतीचा. पण त्याच कामात हेही दिसले की एका किनाऱ्यावरच्या माशांत ही खूण लिंगाशी छान जुळते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर अर्धवटच. आणि जगभर ज्याला शेवटा म्हणतात तो एकच मासा नाही, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पण वेगवेगळ्या वंशांचा तो समूह आहे. त्यामुळे मांडवी आणि तेरेखोलच्या शेवट्यावर हा मार्कर लागू करायचा तर पहिले काम एकच: बाजारात येणाऱ्या मोठ्या शेवट्यांच्या गाभोळ्या पाहून नर-मादी ठरवायचे, पराचा तुकडा घ्यायचा, आणि तिथल्या ६०-१०० नमुन्यांवर एफएसएचआर तपासायचे. म्हापशाच्या बाजारात कोळणीशी नीट बोललात तर मासा साफ करताना ती गाभोळी दाखवून पराचा तुकडा कापू देईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा हा एका वर्षाचा चांगला प्रकल्प होईल. त्यातला एफएसएचआरचा भाग करायची मला फार इच्छा आहे. नमुने गोळा करणारी मंडळी मिळाली तर प्रायमर मी देईन.

काळुंद्राचे तुम्ही विचारले नाही, पण पोंयीत ती येणारच. तिच्यात बाहेरून नर-मादी ओळखणे कठीण असते. तिथे मार्करची वाट पाहू नका. पाच-सहा प्रौढ मासे एका टाकीत सोडा, जोडी ते स्वतः लावतात आणि जागा राखू लागतात. तीच जोडी उचलून वेगळी ठेवायची.

एक शेवटचे, कारण तुमच्या पत्रात ते ओझरते आले आहे. तुमच्या शेजाऱ्याने ही चाचणी आधी करून घेतली आहे आणि तोच अहवाल तुम्ही वापरणार आहात. अहवाल त्याच्या माशांचा आहे. तुमचे ब्रूडर वेगळ्या हॅचरीतून आले असतील तर तुमचे साठ नमुने वेगळे पाठवा. आणि पाठवण्याआधी त्यालाही तेच विचारा जे मी त्या मत्स्यपालकाला फार उशिरा विचारले: हे नर संप्रेरक दिलेल्या बिजातून तर निवडलेले नाहीत ना?